धपाटे, पापड आणि माझा अडकलेला प्रेस

दसऱ्याला ४० किलोनं पाच रेप मारले होते, होळी आली तरी ४० च.

ओव्हरहेड प्रेसचं बोलतोय. रॉड खांद्याशी धरायचा आणि उभ्या उभ्या डोक्यावर न्यायचा, गुडघ्यातून ढकल द्यायची नाही. असं एकदा वर-खाली झालं की एक रेप, न थांबता ओळीनं मारलेले रेप म्हणजे एक सेट. बाकीच्या लिफ्ट रडतखडत का होईना पुढं चालल्या होत्या, स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) ९० वरून १०० ला आला, डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) १२० ला गेली, पण प्रेस म्हणजे आमच्या गल्लीतल्या नळासारखा, आज येईल उद्या येईल म्हणत हंडे मांडून बसायचं. (जालनेकरांना जास्त सांगायची गरज नाही.) दर मंगळवारी ४० चे पाच-पाचचे तीन सेट आरामात व्हायचे, मग अंगात यायचं, दोन्हीकडं अडीच-अडीचची प्लेट चढवायचो, झाले ४५, आणि पहिलाच रेप कपाळापर्यंत जाऊन तिथंच लटकायचा. कधीमधी एक निघायचा. दुसरा कधीच नाही.

जिमचे सर म्हणले जेवण कमी पडतंय तुझं. वाढवलं. सकाळी चार अंडी, मुठीमुठीनं शेंगदाणे, रात्री वरणाच्या दोन वाट्या जास्त. पँटचं हुक लागंना झालं, प्रेस ४० च. मग कुणी म्हणलं झोप कमी आहे, कुणी म्हणलं ट्रायसेप, म्हणजे दंडाच्या मागचे स्नायू, कच्चे आहेत, एकजण तर म्हणला भाऊ आता वय झालं तुमचं. वय ३४! आणि हे सगळं मी सहा महिने खरं मानत होतो, आपल्याच अंगात कायतरी खोट आहे असं धरून चाललो होतो.

खोट प्लेटांच्या ढिगात होती. आमच्या जिममधली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, आणि रॉडच्या दोन्ही टोकांना सारखंच लावावं लागतं त्यामुळं कमीत कमी वाढ पाच किलोची. आता हे पाच किलो १०० च्या स्क्वॉटवर टाकले तर पाच टक्के होतात, पाय न् कंबर दणकट, ओढून नेतात. तेच पाच ४० च्या प्रेसवर टाकले की साडेबारा टक्के, आणि उचलणार कोण तर खांद्याचे एवढेसे स्नायू. एक ढोबळ हिशोब असा असतो की ज्या वजनानं पाच रेप जेमतेम निघतात त्याच्या साधारण सहावा हिस्सा जास्त वजन एकदाच, जीव काढून, वर जातं. म्हणजे ४० नं पाच मारणाऱ्याचा एका रेपचा आकडा ४६-४७ च्या आसपास. म्हणजे ४५ हा माझा जवळजवळ मॅक्सच होता आणि मी दर मंगळवारी त्याच्याकडून पाच रेपची अपेक्षा धरून बसायचो, नाही झालं की घरी येऊन तोंड पाडायचो. पहिलीतल्या पोराला चौथीच्या पेपरला बसवायचं आणि वर ओरडायचं, अभ्यास करत नाहीस म्हणून.

हे डोक्यात शिरलं ते मात्र जिममध्ये नाही, साइटवर.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. जालना म्हणजे सळई, एमआयडीसीत भट्ट्या न् रोलिंग मिल रांगेनं उभ्या, भंगाराचे ट्रक आत जातात आणि टीएमटी सळईचे ट्रक बाहेर पडतात. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण, आता लोखंडाचा पाळणा म्हणलं तरी चालतंय. सळईच्या बिलाचं काम माझ्याकडं. सळईचं वजन काढायचं सूत्र साइटवरच्या शेंबड्या पोरालाबी येतं: व्यास एमएममध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ नं भागायचं, की मीटरला किती किलो ते येतं. आठची सळई मीटरला ०.३९५, दहाची ०.६१७, बाराची ०.८८९. हे आकडे मला लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ आहेत (घरी सांगू नका). तर होळीच्या आदल्या दिवशी सळईवाल्यांच्या मुकादमाशी कॉलमच्या रिंगांवरून (उभ्या सळयांभोवती बांधायच्या चौकोनी कड्या) वाद चालला होता. तो म्हणायलाय, साहेब रिंगमागं वीस-तीस ग्रॅमनं काय होतंय. मी म्हणलं मामा, हजार रिंगा आहेत, तीस किलो होतात, कुणाच्या खिशातून देऊ. आणि बोलता बोलताच गप झालो. दिवसा तीस ग्रॅमसाठी भांडणारा माणूस संध्याकाळी जिममध्ये जाऊन पाच-पाच किलोच्या उड्या मारायलाय.

मुकादमाला वाटलं मी मान्य केलं.

छोट्या प्लेटा बाजारात मिळत नाहीत असं नाही. मायक्रो प्लेट, फ्रॅक्शनल प्लेट अशा नावानं ऑनलाइन दिसतात, पाव किलो, अर्धा किलो, एक किलो. मी पाहिल्या, कार्टमध्ये टाकल्या, टोटल पाहिली आणि फोन पालथा ठेवला. ज्या गावात लोखंड टनानं निघतं तिथं दोन किलो लोखंडाला एवढे पैसे देणं म्हणजे कोकणातल्या माणसानं नारळ ऑनलाइन मागवण्यातला प्रकार. आता करू घरीच म्हणलं.

पहिला प्रयोग सोपा होता, रिंगाच घेतल्या. नऊ इंची चौकोनी रिंग, आठच्या सळईची, हुक धरून जवळपास एक मीटर पाच सेंटीमीटर लांबी, म्हणजे चारशे ग्रॅमच्या वर थोडं. साइटवर वाकड्या झालेल्या चार उचलल्या, मुकादमाला सांगूनच, आणि रॉडला दोन्हीकडं अडकवल्या. वजन बरोबर, दिसायला भंगार, आणि रॉड वर जायला लागला की त्या झुलायला लागायच्या. खण खण खण. पोळ्याच्या बैलासारखा आवाज. मागून एका पोरानं ‘हर्र हर्र’ म्हणलं आणि अख्खी बॅच हसली. झुलणारं वजन प्रेसला लई वाईट असतं हे तेव्हा कळलं, रॉड वर गेल्यावर ते पुढं-मागं ओढतं आणि तुम्ही वजन उचलायचं सोडून तोल सांभाळत बसता. साखळी अडकवा, किराणावाल्याची जुनी लोखंडी मापं मोज्यात घालून लटकवा, तीच बोंब. मापांचापण प्रयोग करून झाला, मोजा फाटला, पाचशेचं माप पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर पडलं. तेवढ्यावर भागलं.

दुसरा प्रयोग काँक्रीटचा, आणि हा करताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. दह्याच्या प्लास्टिक डब्यात मधोमध पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा केला, बारीक खडी, वाळू, सिमेंट, दोन सेंटीमीटर जाडीच्या चार चकत्या ओतल्या. पाच इंच रुंदीला दोन सेंटीमीटर जाडी दिली की काँक्रीटची चकती अर्ध्या किलोच्या आसपास बसते, आणि आपण सुपरवायझर, म्हणून सात दिवस बादलीत बुडवून क्युरिंगसुद्धा केली. गुळगुळीत निघाल्या हो. आईनं विचारलं हे दिवे लावायचे का. जिममध्ये नेल्या, दोन दिवस टिकल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या नंतर एका पोरानं त्याच रॉडवर मोठ्या प्लेटा चढवून डेडलिफ्ट मारली, माझ्या चकत्या बाहेरच्या बाजूला तशाच राहिलेल्या, त्यानं वरून रॉड सोडला आणि एका चकतीचे पाच तुकडे आणि मॅटभर भुगा. सर काही बोलले नाहीत, फक्त झाडू हातात दिला. इतक्या पातळ काँक्रीटमध्ये सळई बसत नाही, आणि सळई नसलेल्या काँक्रीटचं काय होतं हे मी रोज दुसऱ्याला सांगतो.

मग गेलो चाचाकडं. मामा चौकाच्या अलीकडं एका बोळात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, मागं एक जुना लेथ (लोखंड कातायचं मशीन), समोर चहाची टपरी, आमचं गेट-ग्रीलचं काम तेच करतात. त्यांना म्हणलं चाचा, लोखंडाच्या गोल चकत्या पाहिजेत, मधी भोक. म्हणले, “क्या बनाना है, चक्की का पाट?” मी सांगितलं जिमसाठी, अर्ध्या किलोच्या. चाचांनी चष्मा कपाळावर घेतला. “इत्तासा वजन उठाके क्या होता?” आता हा प्रश्न मला नंतर इतक्या लोकांनी विचारला की मी उत्तर देणं बंद केलं, पण त्या दिवशी दिलं, म्हणलं चाचा, जिना चढताना एकदम सहा पायऱ्या चढता का. ते म्हणले हम तो अब एक भी नहीं चढते, घुटना दुखता.

हिशोब मी रात्री करूनच नेला होता, तो इथं देतो, कुणाच्या कामी आला तर येऊ द्या. लोखंडाचा एक घन सेंटीमीटर ७.८५ ग्रॅम भरतो. आमच्या जिमच्या ऑलिम्पिक रॉडचं टोक, जिथं प्लेट चढते ते, ५० एमएम जाड, म्हणून भोक ५२ चं ठेवायचं, जरा ढिलं. बाहेरचा व्यास पाच इंच म्हणजे १२७ एमएम, जाडी सहा एमएम. घाला गणित, ४९७ ग्रॅम येतात. अर्धा किलोच की! आणि मजा अशी की व्यास आणि भोक तेच ठेवून जाडी तीन एमएम केली की पाव किलो, बारा एमएम केली की एक किलो. म्हणजे एकच माप चाचाला द्यायचं, फक्त पत्रा बदलायचा. तुमच्या जिममध्ये साधा बारीक रॉड असेल, २८-३० एमएमचा, तर भोक ३१ चं घ्या आणि बाहेरचा व्यास १२० एमएम, सहाच्या प्लेटीत परत ४९७ च येतात. हा योगायोग पाहून मी रात्री साडेअकराला एकटाच हसलो, बायकोनं कूस बदलली.

लोखंड विकत घ्यायचं नव्हतं. साइटवर शेडच्या खांबाच्या बेस प्लेटा कापल्यावर उरलेले तुकडे पडून होते, मालकाला विचारून भंगाराच्या भावानं घेतले. चाचांनी गॅस कटरनं गोल कापले, भोकं लेथवर केली, कडा ग्राइंडरनं मारल्या. कडा मारून घ्याच, गॅसनं कापलेल्या कडेला जी धार राहते ती तळहात उघडा पाडते. भंगारातली ‘सहा’ची प्लेट खरी सहा असतेच असं नाही, कुठं पाच पूर्णांक आठ कुठं सव्वासहा, म्हणून पहिल्या चार चकत्या काट्यावर ठेवल्या तर ४८० पासून ५१५ पर्यंत सगळे आकडे दिसले. मी मोंढ्यातल्या ओळखीच्या किराणा दुकानात बसलो, दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक चकती ठेवायची, आकडा खडूनं लिहायचा, परत बोळात जाऊन चाचाला म्हणायचं हिची कड अजून जरा घासा. तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेला चाचा म्हणले सोना तोलता क्या रे तू. पण जोड्या लागल्या, एकमेकीत पाच ग्रॅमच्या आत. सगळं मिळून सहाच्या चार, तीनच्या दोन आणि बाराच्या दोन, एकूण साडेचार किलोचा माल. भंगार, कटिंग, लेथ, चहा धरून सहाशे चाळीस रुपये गेले. एवढ्या प्लेटांत ४० पासून ४५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या किलोची प्रत्येक पायरी बसते, करून बघा कागदावर.

साइटवरचा उरलेला रेड ऑक्साइड मारला, तांबड्या झाल्या. जिममध्ये पहिल्या दिवशीच बारसं झालं. सहाचे ते धपाटे, तीनचे ते पापड. बाराच्या चकतीला अजून नाव नाही, एकजण भाकरी म्हणतो पण भाकरीला भोक नसतं असं दुसऱ्याचं म्हणणं, वाद चालू आहे.

आता काट्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, हिच्यामुळं मला जास्त धक्का बसला. दुकानात बसलोच होतो म्हणून दुसऱ्या दिवशी सरांना विचारून जिमच्या अडीचच्या चार प्लेटा पिशवीत घालून नेल्या. एक भरली २.३८, एक २.६१, बाकी दोन मधल्या. वर छापलेलं सगळ्यांवर २.५. म्हणजे एका बाजूला हलकी आली न् दुसऱ्या बाजूला भारी तर एका पापडाएवढा फरक फुकटात. दहाच्या प्लेटांचं तर विचारूच नका. रॉडवर २० लिहिलंय, तो आडत्याच्या काट्यावर १८.९ भरला. म्हणजे ज्याला मी सहा महिने ४० म्हणत होतो ते ४० नव्हतंच! आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं की काही बिघडत नाही, आकडा खरा असण्यापेक्षा दर वेळी तोच असणं महत्त्वाचं. आता मी ठरलेला रॉड आणि ठरलेल्याच प्लेटा वापरतो, त्यांच्या मागं ऑइल पेंटनं छोटा टिपका दिलाय. नाहीतर तुम्ही इकडं पाव किलो वाढवणार आणि प्लेट बदलल्यामुळं तिकडून तेवढंच कमी होणार, बसा मग शोधत.

पहिला मंगळवार ४१. दोन्हीकडं एकेक धपाटा. पाच-पाच-पाच. काही म्हणजे काही कळलं नाही अंगाला, तीच तर गंमत. पुढचा ४२, मग ४३, ४४ ला तिसऱ्या सेटला चारच निघाले, पुढच्या आठवड्यात परत ४४ च ठेवलं, निघाले पाच. आणि अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात धपाटे काढून अडीचच्या प्लेटा चढवल्या, तेच ४५, सहा महिने ज्यानं कपाळाला दाखवून दाखवून परत पाठवलं होतं तेच, पहिल्या सेटला पाच. मी रॉड रॅकवर ठेवून पाणी प्यायला गेलो आणि दोन मिनिटं तिथंच थांबलो. कुणाला काही सांगितलं नाही. सांगून तरी काय सांगणार, शेजारी पोरं शंभरची बेंच (बाकावर आडवं पडून छातीवरून रॉड ढकलणं) मारतात.

ज्यांना वाटतंय की अर्ध्या-एक किलोचं हे कौतुक कशाला, त्यांनी सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरला विचारावं. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ५५ किलो गटात त्याचं दोन प्रकारच्या लिफ्ट मिळून एकूण २४८, मलेशियाच्या पोराचं २४९. सोनं एका किलोनं गेलं, तेही शेवटी कोपर दुखावलेलं असताना. मीराबाई चानूचं तर दोन वर्षांनी पॅरिस ऑलिम्पिकला, १९९ आणि तिसरी आलेली थायलंडची २००, एका किलोनं पदक हुकलं. ऑलिम्पिकवाल्या वेटलिफ्टिंगमध्ये २००५ पासून एक-एक किलोनं वजन वाढवता येतं, त्याआधी अडीचच्या पटीत वाढवावं लागायचं. त्यांच्या छोट्या प्लेटांना रंगसुद्धा ठरलेले, अर्धा किलो पांढरी, एक हिरवी, दीड पिवळी, दोन निळी, अडीच लाल. पॉवरलिफ्टिंगमध्ये रेकॉर्ड मोडायला अर्धा किलो पुरतो. जगातले सगळ्यात ताकदवान लोक अर्ध्या किलोला मान देतात आणि आमच्या जिममध्ये पोरगं येऊन म्हणतं, हे काय बिस्किटं लावलीत काका.

(काका म्हणला याचं जास्त लागलं.)

माझा मामा अंबडकडचा, जुन्या तालमीतला गडी. २०१८ च्या डिसेंबरात जालन्यात महाराष्ट्र केसरी झाली, बाला रफिक शेखनं गदा मारली, तेव्हा मामा आमच्याकडंच मुक्कामाला होता आणि त्याच्यासोबत कुस्त्या बघून आल्यावरच मला व्यायामाचं वेड लागलं, आधी घरी जोर-बैठका, मग जिम. मामाला धपाटे दाखवले तर तो हसला नाही. हातात घेऊन फिरवून बघितला. म्हणला आमच्या वस्तादाचं असंच होतं, पहिल्या दिवशी वीस जोर मारले की दुसऱ्या दिवशी एकवीस, बावीस मारलेस तर शिवी बसायची. का, तर उद्या काय वाढवशील मग. तालमीत वजन वाढवायची सोय नव्हती, गदा आहे तेवढीच राहणार, म्हणून आकडा वाढवायचा. तसं जिममध्येपण करता येतं, ४० नंच पाचाचे सहा, सहाचे सात, आठ झाले की मग ४५. मी ते आधी करून पाहिलं होतं आणि सातापर्यंत येऊन अडकलो होतो, सहावा-सातवा रेप मागं वाकून, कंबर मोडून निघायचा, नंतर दोन दिवस साइटवर वाकता येत नव्हतं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, फुकटात आहे. मला धपाट्यानं जमलं.

४५ च्या पुढं मी अजून सावकाश चाललोय, आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे दोन्हीकडं एकेक पापड. मधी दोनदा अडकलो, लागोपाठ तीन मंगळवार तोच आकडा निघेना की सरळ दहा टक्के खाली यायचं आणि परत चढत यायचं. स्क्वॉट आणि डेडलिफ्टला मी धपाटे लावत नाही, तिथं अजून पाच किलोची उडी पचतेय, पचतेय तोवर कशाला. नवीन पोरांनीपण लगेच चाचाकडं पळू नये, पहिले दोन-चार महिने सगळंच वाढतं. याचा खरा उपयोग वरच्या अंगाच्या लिफ्टला, आणि बायकांना.

बायकांचं वेगळं सांगतो. आमची मंडळी सकाळच्या लेडीज बॅचला जाते. तिच्या हातात अडीच किलोचे डंबेल, पुढचे डंबेल थेट पाचचे. दुप्पट! कुणी आपल्याला म्हणलं का की ४० झाले ना, आता ८० उचल. डंबेलवर धपाटा बसत नाही, भोकाचा उपयोग नाही, त्यावर तिनंच उपाय काढला. माळ्यावर आमच्या लग्नातला जळलेला साउंड बॉक्स पडलाय, त्यातल्या स्पीकरच्या मागं जे जाड गोल चुंबक असतं ते तिनं सोडवून आणलं. लोखंडी डंबेलला ते असं चिकटतं की काढायला दोन हात लागतात. काट्यावर ३१० ग्रॅम भरलं. दुसऱ्या बॉक्समधलं ३२०. वरून काळ्या इन्सुलेशन टेपचे चार वेढे मारायचे, कारण हे चुंबक चिनीमातीसारखं असतं, पडलं की तुकडे. आणि रबर चढवलेल्या डंबेलला नीट धरत नाही, तिथं नाद करू नका. आता त्या बॅचमध्ये तीन जणींनी चुंबकं आणलीत आणि गांधी चमनजवळच्या रिपेअरिंगवाल्याकडं जुने स्पीकर मिळेनात अशी बातमी आहे.

परतूरकडचा एक मित्र म्हणला आमच्या गावात लेथ नाही, गॅस कटर नाही, काय करू. त्याला स्प्रिंग करायला सांगितली. आठची सळई १२७ सेंटीमीटर कापायची, बरोबर अर्धा किलो, आणि बाहेरून ५० एमएम भरणाऱ्या लोखंडी पाइपावर वेढे मारायचे, जवळपास सात वेढे होतात, साधारण साडेपाच सेंटीमीटर लांब स्प्रिंग. हाताला जड जातं, दोन माणसं आणि एक लांब पाइप लागतो, पण सळई सोडली की जराशी उघडते आणि त्यामुळंच ती रॉडच्या टोकावर अलगद चढते. टोकं आत वाकवून घ्यायची नाहीतर टीशर्ट फाटतो. झुलत नाही, वाजत नाही, पडली तर फुटत नाही. दिसायला मात्र गॅरेजमधून आणल्यासारखी, ते चालवून घ्यायचं. अगदीच काही नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आत वाळू, दोन्ही टोकं बाइंडिंग तारेनं आवळलेली, रॉडला गच्च गुंडाळायचा. तेही चालतं.

एक करू नका. कुणीतरी सुचवेल की जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून डब्यात ओता, लहान चकतीत जास्त वजन बसतं. बसतं हे खरं, पण शिसं विषारी आहे, वितळवताना त्याचा धूर आणि भुकटी अंगात जाते, घरात लेकरं असतील तर विचारसुद्धा नको. लोखंड आहे ना. आणि धपाटा कायम सगळ्यात बाहेरच्या बाजूला घालायचा, त्याच्यावर स्प्रिंग लॉक लावायचाच, एवढासा तर आहे म्हणून तसाच सोडला की वर गेल्यावर घसरतो. डोक्यावरून पाचशे ग्रॅम लोखंड पडलं की ते एवढंसं राहत नाही.

चाचांकडं आता दर आठवड्याला कुणी ना कुणी येतंय म्हणे चकत्या कापायला. त्यांनी पत्र्याचा एक पाच इंची फर्मा करून भिंतीला टांगलाय, खाली खडूनं लिहिलंय ‘जिम’. मला परवा चहा पाजला आणि गुडघ्याचा काही व्यायाम आहे का विचारलं.

उद्या मंगळवार. ४८.५ आहे, म्हणजे दोन्हीकडं दहा, अडीच, एक बारावाली, एक धपाटा, एक पापड. सगळं पिशवीत भरून झालं, एक पापड सापडंना. अर्धा तास शोधला, शेवटी माळ्यावर नव्या लोणच्याच्या बरणीवर, फडक्यावर ठेवलेला दिसला. आई म्हणती चार दिवस हलवू नको.